पाठीवर पंप, पण कागद कुठाय?

राजुरा-कोरपन्याच्या कापसात, गडचिरोलीच्या धानात पाठीवर पंप घेऊन फवारणारा दादा तुम्ही रोज बघता. त्याला लायसन्स लागतं का हो?

कीटकनाशक कायदा 1968 चा, नियम 1971 चे. औषध विकणाऱ्या दुकानदाराला परवाना लागतो. पेस्ट कंट्रोलचा धंदा करणाऱ्यालाही लागतो, तोही प्रशिक्षण घेतल्यावर. आणि रोजीने शेतात फवारणाऱ्याला? काहीच नाही. नियमांत संरक्षक कपडे आहेत, कंपनी-वितरकांनी प्रशिक्षण द्यावं असंही आहे. बांधावर मात्र तोंडाला फक्त रुमाल.

2017 मध्ये शेजारच्या यवतमाळात कापसावर फवारताना विषबाधा होऊन 20 हून जास्त शेतकरी-मजूर गेले. शेकडो जण दवाखान्यात पोचले.

म्हणून निदान डबा वाचा. त्रिकोण लाल असेल तर सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे बिनधोक नव्हे! मळमळ, चक्कर, अंधारी आली की फवारणी बंद, कपडे बदला, अंग साबणाने धुवा आणि दवाखान्यात जाताना डबा-पत्रक सोबत न्या. विषावरचा उतारा त्यावरच लिहिलेला असतो.

घरातलं कुणी उद्या फवारायला निघालं, तर आधी डबा वाचून दाखवा. भेटूया!