समुद्राचा तळ मोजणारे जहाज

वाटेत दगड असला तर गाडीवानाला तो दिसतो. तो बैलांना बाजूला घेतो. समुद्रात तसे नाही. वरून पाणी सगळीकडे सारखेच. खाली खडक आहे, गाळ आहे, की बुडालेले गलबत पडले आहे, ते कळत नाही. आणि माल भरलेले मोठे जहाज चौदा-पंधरा मीटर पाण्याखाली असते. त्याच्या पोटाला खडक लागला तर?

८ जानेवारी २००५ रोजी अमेरिकेची 'सॅन फ्रान्सिस्को' नावाची पाणबुडी ग्वाम बेटाच्या दक्षिणेला पाण्याखालच्या डोंगरावर आदळली. खलाशी जो नकाशा पाहून चालले होते, त्यावर तो डोंगरच नव्हता! एक खलाशी दगावला. नव्वदांहून जास्त जखमी झाले.

समुद्राचे नकाशे करण्यासाठी नौदलाजवळ खास जहाजे असतात. त्यांना सर्वेक्षण जहाजे म्हणतात. आपले 'संधायक' हे असेच एक. कोलकात्याच्या गार्डन रीच कारखान्याने ते बांधले. ३ फेब्रुवारी २०२४ ला विशाखापट्टणम येथे ते नौदलात आले. लांबी ११० मीटर. याच नावाच्या जुन्या जहाजाने १९८१ पासून २०२१ पर्यंत, चाळीस वर्षे, हेच काम केले.

पण तळ मोजतात तरी कसा? पूर्वी दोरीला शिसे बांधून पाण्यात सोडत. शिशाच्या बुडाला चरबी लावीत, म्हणजे तळाची वाळू किंवा चिखल तिला चिकटून वर येई. आपले कोळी खोली वावांत सांगतात, ती याच रीतीची. दोन्ही हात पसरले की एक वाव. मोठी हुशारीची रीत, पण एका वेळी एकाच जागेची खोली कळे. दोन मापांच्या मध्ये खडक असला तर तो लपूनच राही.

आता हे काम आवाजाकडून करून घेतात. डोंगरासमोर हाक मारली की ती परत ऐकू येते ना, तसेच. जहाजाच्या बुडातून आवाज सोडतात. तो तळाला लागून परत येतो. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो. जाऊन यायला दोन सेकंद लागले, तर एक जाण्याचा, एक येण्याचा. म्हणजे तळ १,५०० मीटरांवर. पाणी किती खारट, किती गार, यावर आवाजाचा वेग थोडा बदलतो. म्हणून तेही मोजावे लागते.

हा आवाज पंख्यासारखा पसरतो, म्हणून तळाचा रुंद पट्टा एकदम मोजला जातो. मग शेतकरी जसा तासाला तास लावून नांगरतो, तसे जहाज पट्ट्याला पट्टा लावून जाते आणि येते. असे दिवसच्या दिवस चालते. उथळ पाण्यात मोठे जहाज शिरत नाही. तिथे त्याच्या छोट्या मोटारहोड्या जातात. खोल पाण्यात माणसाशिवाय चालणारी यंत्रे सोडतात.

भरती-ओहोटीचा हिशेबही ठेवावा लागतो. भरतीला मोजलेली खोली ओहोटीला कशी मिळणार? म्हणून नकाशावर मोठ्या ओहोटीच्या वेळचे पाणी लिहितात.

एकदा मोजले की झाले, असेही नाही. नद्या गाळ आणतात. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात ग्रेट निकोबारचे दक्षिण टोक चार मीटरांहून जास्त खचले, आणि उत्तर अंदमानात किनारा वर आला. तिथली जुनी मापे एका दिवसात निकामी झाली. त्याच संकटात 'निरुपक' या आपल्या सर्वेक्षण जहाजाचा दवाखाना करून ते इंडोनेशियाला धाडले होते. अशा जहाजांवर तशी सोय करता येते.

गंमत अशी, की समुद्राचे हे नकाशे तयार होतात डेहराडूनला, हिमालयाच्या पायथ्याशी! जहाजांनी घेतलेली मापे तिथल्या नौदलाच्या कचेरीत जातात. तिथे ती तपासतात, मग नकाशा निघतो. पुढे कुठे नवा खडक सापडला, कुठे गाळ वाढला, तर तीच कचेरी दर पंधरवड्याला सूचना काढते. ती वाचून जहाजावरचे लोक आपला नकाशा दुरुस्त करतात.