घरातला जुना लॅपटॉप, लिनक्स आणि आपले रोजचे प्रश्न

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट बंद झाले. याचा अर्थ संगणक त्या दिवशी बंद पडला असा नाही. तो चालतोच, पण सुरक्षेच्या त्रुटी बुजवणारी दुरुस्ती येणे थांबते. घरगुती वापरणाऱ्यांना वर्षभराची मुदतवाढ मिळाली, तीही ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ घ्यावे म्हटले तर त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. साधारण २०१८ च्या आधीचे बहुतेक लॅपटॉप त्या यादीत बसत नाहीत.

आमच्या घरचा लॅपटॉप २०१५ चा, ४ जीबी रॅमचा. मुलीचे कॉलेजचे प्रोजेक्ट, अम्मीच्या शिवणकामाचा हिशोब, नात्यातल्या निकाहच्या पत्रिका, सगळे त्याच्यावरच. दुरुस्तीवाल्याकडे नेला तर तो म्हणाला, "भाई, नवीन घ्या. नाहीतर क्रॅक मारून देतो, कुणाला कळणार नाही." नवीन घेणे खिशाला परवडणारे नव्हते आणि चोरीची प्रत मनाला पटणारी नव्हती. शिवाय क्रॅक केलेल्या प्रतीसोबत आणखी काय काय घरात येते याची कुणी हमी देत नाही. म्हणून आम्ही लिनक्स टाकले. तेव्हापासून नातेवाईक आणि शेजारी आम्हाला जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे इथे एकत्र देत आहोत. ज्या अडचणी आम्हाला अजून सुटलेल्या नाहीत, त्याही लपवत नाही.

लिनक्स म्हणजे नेमके काय?

१९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातला २१ वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने संगणकाचा गाभा चालवणारा एक प्रोग्राम लिहायला घेतला आणि तो सगळ्यांसाठी खुला केला. त्यालाच लिनक्स म्हणतात. त्याभोवती इतर मोफत सॉफ्टवेअर गुंफून वेगवेगळे गट तयार संच बनवतात. उबंटू, फेडोरा, डेबियन, मिंट ही त्या संचांची नावे. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या आतही लिनक्सचाच गाभा आहे. म्हणजे आपण ते रोज वापरतो, फक्त नाव माहीत नसते.

'ओपन सोर्स' म्हणजे ज्याचा मूळ कोड कुणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो असे सॉफ्टवेअर. पैसे लागत नाहीत ही त्यातली छोटी गोष्ट. मोठी गोष्ट ही की त्यात काही कमी असेल तर ते सांगण्याचा आणि सुधारण्याचा हक्क वापरणाऱ्यालाही असतो.

आधी करून पाहता येते का?

येते, आणि तसेच करावे. आम्ही लिनक्स मिंट निवडले कारण त्याची मांडणी विंडोजसारखी आहे. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू. त्याच्या २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. २ जीबी रॅमवर ते कसेबसे चालते, ४ जीबीवर ठीक चालते. मशीन फार जुने असेल तर त्याचीच हलकी 'एक्सएफसीई' आवृत्ती घ्यावी.

सुमारे ३ जीबीची फाइल उतरवायची, रुफस किंवा एचरसारख्या प्रोग्रामने ती ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर चढवायची आणि लॅपटॉप त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करायचा. हार्ड डिस्कला हात न लावता अख्खे लिनक्स समोर येते. त्यात वाय-फाय लागते का, आवाज येतो का, कॅमेरा चालतो का, प्रिंटर दिसतो का हे चारही तपासा. सगळे नीट असेल तरच पुढे जा. त्याआधी घरातले फोटो, मार्कशीट, कागदपत्रे दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. हे न करता घाईने बटण दाबणाऱ्यांचे फोटो गेलेले आम्ही पाहिले आहेत.

हार्ड डिस्क जुन्या फिरत्या प्रकारची असेल तर तिच्या जागी एसएसडी बसवा. आमच्या लॅपटॉपला खरा वेग त्यानेच आला.

मराठी आणि उर्दू टाइप होते का?

आपल्या घरांतला हा पहिला प्रश्न, आणि उत्तर 'हो' आहे. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठीची इनस्क्रिप्ट मांडणी आहे, आणि इंग्रजी अक्षरांवरून मराठी लिहिणाऱ्यांसाठी फोनेटिकही आहे. उर्दूसाठीही फोनेटिक मिळते. तिन्ही भाषा जोडून ठेवल्या की एका शॉर्टकटने बदलता येतात. अम्मी दोन दिवसांत शिकल्या.

पहिल्या दिवशी मात्र उर्दू मजकूर नस्ख वळणात, अरबीसारखा सरळ दिसला. अम्मी म्हणाल्या, "हे वाचता येतं, पण डोळ्याला आपलं वाटत नाही." उपाय सोपा निघाला. 'नोतो नस्तालीक उर्दू' हा मोफत फॉन्ट उतरवून बसवला आणि अक्षरे नस्तालीकच्या उतारावर आली.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगाविशी वाटते. आपण 'क्ष' किंवा 'स्त्र' लिहितो तेव्हा अक्षरे जोडली जातात. उर्दूत तर प्रत्येक हर्फ शब्दातल्या जागेप्रमाणे रूप बदलतो. हे जोडकाम करणारा एक खुला प्रोग्राम आहे, त्याचे नाव 'हार्फबझ'. इराणी वंशाचे अभियंते बेहदाद एस्फहबोद यांनी तो वाढवला. नाव फारसी 'हर्फ' आणि 'बाज', म्हणजे खुला, या शब्दांवरून आले आहे. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिबरऑफिस या सगळ्यांत तोच वापरला जातो. तुम्ही फोनवर मराठी बातमी वाचता आणि अब्बा उर्दू वाचतात, तेव्हा दोन्ही लिप्या बहुधा एकाच खुल्या प्रोग्रामने जोडलेल्या असतात.

वर्डच्या फाइली आणि जुने फॉन्ट?

मिंटसोबत लिबरऑफिस येते. त्यात वर्ड आणि एक्सेलच्या फाइली उघडतात, बदलतात, परत त्याच प्रकारात जतन होतात. साधे पत्र, अर्ज, बायोडेटा यात अडचण येत नाही. गुंतागुंतीचे तक्ते किंवा चित्रे असतील तर मांडणी सरकू शकते. म्हणून कुणाला फक्त वाचायला पाठवायचे असेल तर पीडीएफ करून पाठवा.

खरी डोकेदुखी जुन्या मराठी फाइलींची. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर युनिकोड नसतो. तो फॉन्ट संगणकात नसेल तर पानभर इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसतो. हा लिनक्सचा दोष नाही, नव्या विंडोजवरही हेच होते. तसेच उर्दूच्या इनपेज फाइली लिनक्सवर थेट उघडत नाहीत. घरात असे जुने लिखाण असेल तर चालू विंडोजवर असतानाच ते युनिकोडमध्ये आणि पीडीएफमध्ये काढून ठेवा.

प्रिंटर चालेल का?

गेल्या काही वर्षांतले, वाय-फायवरून फोनशी जोडले जाणारे प्रिंटर बहुतेक आपोआप ओळखले जातात. जुन्या स्वस्त लेझर प्रिंटरचे सांगता येत नाही. आमचा असाच एक प्रिंटर शनिवार-रविवार आमच्याशी भांडत होता आणि शेवटी आम्ही हरलो. आता पीडीएफ पेन ड्राइव्हवर घालून झेरॉक्सच्या दुकानात नेतो.

गंमत म्हणजे या चळवळीच्या मुळाशीही प्रिंटरच आहे. अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन काम करत होते. जुन्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये त्यांनी बदल केला होता. कागद अडकला की वापरणाऱ्यांना संदेश जाई. नवा प्रिंटर आला तेव्हा त्यांना तशीच सोय करायची होती, पण त्याचा कोड मागूनही मिळाला नाही. वापरणाऱ्याला आपले यंत्र सुधारता येऊ नये, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली. १९८३ मध्ये त्यांनी 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला, आणि त्यातले बरेच सॉफ्टवेअर आज लिनक्ससोबत येते.

काय चालत नाही?

हे स्पष्ट सांगायला हवे. टॅलीप्राइम विंडोजसाठी आहे. तुमचा सीए त्याच फाइली मागत असेल तर दुकानाचा संगणक बदलू नका. जीएसटीचे पोर्टल ब्राउझरमध्ये उघडते, पण डिजिटल सहीचे टोकन असेल तर त्याचा लिनक्ससाठीचा ड्रायव्हर मिळतो का हे विकणाऱ्याला आधी विचारा. काही ऑनलाइन परीक्षांचे निगराणी करणारे सॉफ्टवेअर फक्त विंडोज किंवा मॅकवर चालते. मुलांची परीक्षा जवळ असेल तर हा प्रयोग सुट्टीत करा. फोटोशॉप आणि कोरलड्रॉ थेट चालत नाहीत. गिंप आणि इंकस्केप हे पर्याय आहेत, पण हात बसायला वेळ लागतो.

आमच्या तीन मागण्या

वर्षभर वापरल्यावर आमच्या मनात काही इच्छा जमा झाल्या आहेत.

पहिली, निकाहच्या पत्रिकेतून आलेली. लिबरऑफिस सगळ्या लिप्यांचे तीन गट करते: पाश्चात्त्य, आशियाई म्हणजे चिनी-जपानीसारख्या, आणि 'गुंतागुंतीच्या' लिप्या. देवनागरी आणि उर्दू दोन्ही तिसऱ्या गटात येतात आणि एका शैलीत त्या गटाला एकच फॉन्ट देता येतो. त्यामुळे एका ओळीत मराठी आणि उर्दू दोन्ही आले की एकाचा फॉन्ट बिघडतो. तूर्त उपाय असा: 'उर्दू' नावाची वेगळी अक्षर-शैली बनवा, तिला नस्तालीक फॉन्ट आणि थोडा मोठा आकार द्या, आणि उर्दू शब्द निवडून ती लावा. काम होते, पण प्रत्येक वेळी हाताने. आम्हाला हवे ते एवढेच: प्रत्येक लिपीला तिचा फॉन्ट आपोआप मिळावा.

दुसरी, शुद्धलेखनाची. मराठीचा शब्दकोश आहे, पण तोकडा. कारण समजून घ्या. इंग्रजीत एका शब्दाची दोन-चार रूपे होतात. आपल्याकडे 'घर'चे घरात, घराला, घरातल्या, घरासमोरच्या अशी रांग लागते. त्यासाठी नुसती यादी पुरत नाही, नियम लिहावे लागतात. ही तपासणी करणारा 'हनस्पेल' मुळात हंगेरियन भाषेसाठी बनला आणि तिलाही असेच प्रत्यय लागतात. म्हणजे यंत्र तयार आहे, त्यात मराठीचे नियम आणि शब्द भरणारे हात कमी आहेत. 'अकीका', 'वलीमा', 'मय्यत' हे आपल्या घरातले मराठी शब्द लाल रेघेखाली येतात, कारण ते यादीत कुणी टाकलेच नाहीत.

तिसरी, हिजरी तारखेची. केडीई प्लाझ्मा या डेस्कटॉपच्या घड्याळात दुसरे कॅलेंडर निवडता येते आणि त्यात हिजरीही आहे. मिंटच्या सिनॅमनमध्ये ती सोय आम्हाला मिळाली नाही. ती यावी, आणि चंद्रदर्शनाप्रमाणे एक दिवस मागे-पुढे करता यावी. नाहीतर आपल्याकडे रमजानचा पहिला रोजा आणि घड्याळ यांचे जुळणार नाही.

मागणी मांडावी कशी?

दोन महिने आम्ही या तक्रारी फक्त जेवताना करत होतो. शेवटी मुलगी म्हणाली, "अब्बा, तुम्ही हे मला सांगताय. ज्यांनी बनवलं त्यांना कोण सांगणार?" बरोबर होते तिचे.

बहुतेक खुल्या प्रकल्पांची सार्वजनिक नोंदवही असते. लिबरऑफिसची नोंद बगझिलावर होते. तिथे लिहिताना पाच गोष्टी पाळाव्यात. आधी शोधा, तीच मागणी कुणी मांडली असेल तर नवी न लिहिता तिथेच आपला अनुभव जोडा. एका नोंदीत एकच मुद्दा ठेवा. सॉफ्टवेअरची आवृत्ती लिहा. काय केले, काय झाले आणि काय व्हायला हवे होते हे क्रमाने सांगा. आणि नमुना फाइल व स्क्रीनचे चित्र जोडा. फिनलंड किंवा जर्मनीतल्या माणसाला नस्तालीक कसे दिसायला हवे हे माहीत नसते. एक चित्र त्याला दहा वाक्यांपेक्षा जास्त सांगते. फक्त त्या फाइलीत घरचे पत्ते, फोन नंबर ठेवू नका, कारण ती सगळ्यांना दिसते.

भाषा नम्र ठेवा. समोरचा बऱ्याचदा नोकरी सांभाळून हे काम करत असतो. आणि धीर धरा. गिंपमध्ये मूळ चित्र न बिघडवता परिणाम लावता यावेत ही मागणी कित्येक वर्षे होती. ती मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीत मार्गी लागली.

प्रोग्रामिंग येत नसेल तरी करण्यासारखे खूप आहे. लिबरऑफिसचा मराठी अनुवाद 'वेबलेट' या साधनावर ब्राउझरमधूनच करता येतो, फायरफॉक्सचा 'पॉन्टून'वर. रोज दहा ओळी केल्या तरी फरक पडतो. मराठी आणि उर्दू दोन्ही वाचणारी माणसे जगात फार नाहीत. ती आपल्या घरांत आहेत. दोन लिप्या एका पानावर नीट दिसाव्यात ही अडचण आपली आहे, आणि ती बारकाव्यासह सांगू शकणारेही आपणच आहोत.

आमच्या मुलीने त्या पत्रिकेची नमुना फाइल तयार केली, नावे बदलली आणि इंग्रजीत बारा ओळींची नोंद लिहून पाठवली. उत्तर कधी येईल ते माहीत नाही. पण लॅपटॉप चालू आहे, त्यावरचे सगळे हक्काचे आहे, आणि आपला प्रश्न आता आपल्या जेवणाच्या दस्तरख्वानापुरता राहिलेला नाही. तुमच्या घरातही असा एखादा जुना संगणक कपाटावर धूळ खात असेल तर भंगारात देण्याआधी एक पेन ड्राइव्ह लावून पाहा. आणि जे अडेल ते लिहून ठेवा.