कुकरच्या शिट्टीत बोळा

“बाबा, परत बंद पडला!”

रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवाला उरले होते तीन दिवस. मुलांच्या नाटकात मागच्या पडद्यावर दाखवायची सतरा मिनिटांची चित्रफीत आमच्या चिरंजिवांच्या कॉम्प्युटरवर तयार होत होती. पंधरा-वीस मुलं महिनाभर तालमी करत होती, आणि त्या सगळ्यांचा समुद्र, किल्ला आणि पाऊस आमच्या निशीकासाईच्या घरातल्या एका काळ्या डब्यात अडकून पडला होता.

हा डबा आम्ही बापलेकांनी मिळून घरीच जोडलेला. जपानीत अशा घरगुती कॉम्प्युटरला ‘जिसाकु’ म्हणतात. त्याचा एक तोटा असा, की बिघडला तर ‘कंपनीला फोन कर’ असं म्हणता येत नाही. कंपनी आपणच!

खरं तर या दुखण्याची सुरुवात फेब्रुवारीतच झाली होती. एका गारठलेल्या सकाळी बटण दाबलं, तर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली: सीपीयू फॅन एरर, पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा. डब्यात डोकावून पाहिलं, तर पंखा फिरत होता. एफ-वन दाबलं, कॉम्प्युटर मुकाट्याने सुरू झाला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. शेवटी मी, म्हणजे 2004 साली मास्टर्स करायला इथे आलेला आणि आज नोकरीत दुसऱ्यांच्या यंत्रांचे दोष शोधणारा इंजिनियर, चिरंजिवांना म्हणालो, “सेटिंगमध्ये जा आणि ती सूचनाच बंद करून टाक.” त्याने केली. कटकट मिटली.

आता त्या एररचं खरं कारण सांगतो, कारण आपल्यापैकी अनेकांच्या घरी ते होऊ शकतं. इथल्या घरांत रात्री हीटर बंद केला की सकाळी खोली आठ-नऊ डिग्रीवर येते. चिप थंड असली की बोर्ड पंखा मुद्दाम हळू फिरवतो. आमचा पंखा मिनिटाला जेमतेम पाचशे फेरे घेत होता, आणि बोर्डाच्या सेटिंगमध्ये किमान फेरे लिहिले होते 600. त्यापेक्षा कमी म्हणजे पंखा बिघडला, असा त्याचा हिशोब. उपाय सोपा होता: 600 च्या जागी 300 करायचे. पहारेकरी जागाच ठेवायचा, फक्त त्याला खरा चोर कोण ते समजावून सांगायचं. मी पहारेकऱ्यालाच घरी पाठवलं.

पुढे मे महिन्यात आम्ही डब्यात आणखी एक डिस्क बसवली. तिची वायर प्लास्टिकच्या पट्टीने बांधली होती. ती पट्टी केव्हातरी सुटली आणि वायर लोंबत लोंबत पंख्याच्या पात्यात जाऊन बसली. पंखा थांबला. पण ओरडणार कोण? ओरडणाऱ्याचं तोंड आम्हीच बंद केलेलं.

त्यात उन्हाळा. चिपचं तापमान म्हणजे ढोबळमानाने खोलीचं तापमान अधिक चिपने काम करून स्वतः कमावलेली उष्णता. खोली दहा डिग्रीने तापली की चिपही साधारण तेवढीच जास्त तापते. 2005 साली सरकारने ‘कूल बिझ’ सुरू केल्यापासून 28 डिग्रीचा धडा आपण सगळेच गिरवतो, पण वरच्या मजल्यावरच्या त्या सहा ताताम्यांच्या खोलीत 32 च्या खाली काटा उतरत नव्हता. चित्रफीत तयार करणं हे चिपचं सर्वांत जड काम. आजकालच्या चिपा शंभर डिग्रीच्या आसपास पोचल्या की आधी आपला वेग कमी करतात आणि तरीही भागलं नाही तर वीज तोडून मोकळ्या होतात. चिरंजीव आठवडाभर सांगत होते की वीस मिनिटांचं काम आता तासभर चालतं. ती पहिली खूण होती. मी म्हणालो, “फाइल मोठी असेल.”

तर त्या रात्री डबा उघडला. पात्यात वायर पाहिली आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. सौभाग्यवती चहा घेऊन आल्या होत्या. सगळी हकीकत ऐकून म्हणाल्या, “कुकर फार शिट्ट्या करतो म्हणून शिट्टीत बोळा कोंबला तर काय होईल, इंजिनियरसाहेब?”

यावर उत्तर नव्हतं.

वायर सोडवली, पंखा फिरू लागला. पण सेटिंगच्या पडद्यावर तापमान पाहिलं तर काहीही काम नसताना 85, मग 88. म्हणजे एकच दोष नव्हता! पंख्याखालचा धातूचा ठोकळा काढला. चिप आणि ठोकळा यांच्यामधला लेप वाळून खडूसारखा झाला होता, आणि ठोकळ्याच्या चार खुंट्यांपैकी एक अर्धवटच बसलेली होती. ती बहुधा जोडणीच्या दिवसापासूनची.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर अकिहाबारा गाठलं. युद्धानंतर या भागात रस्त्यावर रेडिओचे सुटे भाग विकायला बसत. 1949 साली रस्त्यावरची दुकानं हटवण्याचा हुकूम निघाला आणि त्यांतले कितीतरी दुकानदार सोबू लाइनच्या पुलाखाली गेले. 1976 साली एनईसीने ‘टीके-80’ नावाचा संच 88,500 येनला विकायला काढला. तो गिऱ्हाइकानेच डाग देऊन जोडायचा. त्याच वर्षी तिथल्या रेडिओ काइकान इमारतीत कंपनीने ‘बिट-इन’ हे केंद्र उघडलं, आणि गोंधळलेली गिऱ्हाइकं आपले प्रश्न घेऊन तिथे जाऊ लागली. म्हणजे स्वतः जोडायचं, अडलं की विचारायला जायचं, ही या गल्ल्यांची जुनी रीत. मीही एका काउंटरवर निमूटपणे माझी चूक सांगितली आणि लेपाची एक ट्यूब घेऊन आलो. दुकानदार तिला ‘गुरिसु’ म्हणतात.

घरी येऊन जुना लेप अल्कोहोलने पुसला आणि नवा लावला, वाटाण्याच्या दाण्याएवढाच. जास्त लावून फायदा नाही, त्याचं काम फक्त मधल्या बारीक फटींतली हवा घालवण्याचं. चारही खुंट्या ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबल्या, समोरासमोरच्या दोन-दोन. बटण दाबलं. पंखे फिरले आणि पडदा काळा!

चिरंजिवांचा चेहरा पडला. पण या वेळी बोर्डावर मेमरीचा दिवा लागला होता आणि या वेळी आम्ही इशारा वाचला. ठोकळा काढताना हात लागून मेमरीची एक पट्टी हलली होती. प्लग काढला, पट्टी नीट बसवली, पुन्हा बटण. सुरू! जड काम लावलं तेव्हा तापमान 76 वर स्थिर झालं. शनिवारी पहाटे दोन वाजता चित्रफीत पुरी झाली आणि रविवारी पडद्यावरचा पाऊस वेळेवर पडला.

तुमच्या घरी असं काही झालं तर आधी प्लग काढा आणि यंत्र थंड होऊ द्या. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने बरं झालं ते कळत नाही. धूळ फुंकताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. चालू यंत्रातून उरकायचं काम आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवा, आम्ही तेही केलं नव्हतं. आणि पडद्यावरची सूचना नकोशी झाली तर ती का येते ते आधी शोधा.

आमच्या सेटिंगमध्ये आता 300 लिहिलं आहे आणि सूचना चालू आहे. परवा चिरंजीव म्हणाले, “बाबा, तुझ्या गाडीत इंजिनचा तो पिवळा दिवा महिनाभर लागलाय.” शनिवारी गॅरेजची वेळ घेतली आहे.