फिटलेलं कर्ज: पंडिता रमाबाई आणि वधस्तंभाचा निरोप

नांदेड-लातूरहून रेल्वेनं पुण्याला जाताना दौंड मागं पडलं की थोड्या वेळात केडगाव येतं. पंडिता रमाबाईंनी उभं केलेलं ‘मुक्ती’ तिथंच आहे. आज त्यांच्याविषयी बोलायचं कारण असं, की उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, जवळ आलाय. आपल्या काही गटांत ख्रिस्ती भगिनी आहेत, आणि बाकीच्या बाया आम्हां सहयोगिनींना विचारतात, वधस्तंभावर मेलेल्या माणसात यांना मोकळं करणारं असं काय सापडतं? रमाबाईंची गोष्ट ऐकली की ते समजायला सोपं जातं.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं आणि मुलीलाही शिकू दिलं. सगळं कुटुंब पुराण सांगत तीर्थामागून तीर्थ पायी फिरायचं. मग दक्षिणेत दुष्काळ पडला. होतं नव्हतं ते दानधर्मात गेलं, उपास झाले, नवस झाले. तरी वडील, आई आणि थोरली बहीण, तिघंही गेली. राहिले रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास. दोघं चालत राहिले आणि १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी तिची परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ म्हटलं. पुढं भाऊ वारला. १८८० मध्ये बिपिनबिहारी या बंगाली वकिलाशी तिचं लग्न झालं आणि १८८२ मध्ये तेही गेले. मांडीवर लहानगी मनोरमा होती.

त्या काळी सांगायचे, नवरा मरतो तो बायकोच्या मागच्या जन्मीच्या पापानं. त्या काळी कशाला म्हणायचं? आपल्याकडं आजही नवऱ्यानं कर्जापायी जीव दिला तर बोट तिच्याकडंच जातं. ‘पांढऱ्या पायाची’ हा शब्द आपण सगळ्यांनी ऐकलाय. आणि खरं दुखणं असं की ऐकून ऐकून ती बाईच ते खरं मानायला लागते. मग सोमवार धर, शनिवार धर, अनवाणी जा. किती केलं म्हणजे पुरे, हे कुणीच सांगत नाही.

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या. तिथं वाँटेज गावच्या ख्रिस्ती भगिनींकडं त्या राहिल्या. या भगिनी समाजानं वाईट ठरवलेल्या बायकांना आसरा देऊन मायेनं सांभाळत होत्या. असं का करता, म्हणून रमाबाईंनी विचारलं, तेव्हा त्यांना येशू आणि विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट कळली. पाच नवरे झालेली, परक्या जातीची बाई. तिच्याकडं येशूनं पाणी मागितलं आणि तिच्याशी धर्माच्या मोठ्या गोष्टी बोलला. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पण मान तुकवून नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, आमची संस्कृत काय वाईट आहे, असं त्यांनी तिथल्या भगिनींना पत्रातून विचारलं. आम्हांला त्यांचा हा बाणा फार आवडतो.

तरी मन शांत नव्हतंच. त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळायला पुढं आठेक वर्षं लागली. तोवर त्यांना वाटायचं, आधी आपण चांगलं व्हायचं, मग देव जवळ करणार. म्हणजे जुनाच हिशेब, फक्त वही नवी.

हा हिशेब आपल्या भाषेत सांगतो. सावकाराचं कर्ज असतं. हप्ता भरला तरी मुद्दल जागचं हलत नाही. ख्रिस्ती लोकांचा विश्वास असा, की माणसाच्या पापाचं सगळं देणं येशूनं वधस्तंभावर स्वतःच्या जिवानं फेडलं, आणि मरताना काम पुरं झालं असं सांगून तो मेला. आता वरून काही भरायचं राहिलं नाही. नवस नाही, दक्षिणा नाही, जात आडवी येत नाही, कुणा पुरुषाची परवानगी लागत नाही. हात पसरून घ्यायचं, एवढंच. (गटाचा हप्ता मात्र ज्याचा त्यानंच भरायचा, बरं का.) ‘पुरेसं’ म्हणतात ते हे. ज्यांची श्रद्धा वेगळी आहे त्यांनी हे मानावं असं आम्ही म्हणत नाही. पण मानणाऱ्या बाईच्या छातीवरचा दगड कसा उतरतो, ते यातून कळतं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलायला हवी. ‘ख्रिस्तानंही सोसलं, तूही सोस’ असं मार खाणाऱ्या बाईला सांगणारे लोक असतात. आमच्या मते हा वधस्तंभाचा उलटा अर्थ आहे. एकदा फेडलेलं देणं तिच्याकडून पुन्हा वसूल का करायचं? रमाबाईंनी तर बायकांना सोसायच्या जागेतून बाहेर काढलं. १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं; पुढं ते पुण्याला नेलं. तिथं मुली ख्रिस्ती होतायत म्हणून १८९३ मध्ये मोठा गदारोळ झाला आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई थांबल्या नाहीत.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. दुष्काळ म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. केडगावला त्यांनी जमीन घेतली होती ती फळबागेसाठी, बाहेरच्या देणगीवर कायम विसंबून राहायला लागू नये म्हणून. त्याच जमिनीवर मुक्ती सदन उभं राहिलं. विहिरी खोदल्या, शेती केली, माग बसवले, छापखाना सुरू केला. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन काढलं, आंधळ्यांसाठी वेगळी सोय केली. ज्यांना घरानं ओझं म्हणून टाकलं होतं, त्या तिथं कामाच्या बाया झाल्या.

शेवटची वर्षं रमाबाईंनी बायबल मराठीत आणण्यात घालवली. त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला. विद्वानांसाठी नव्हे, नुकतं वाचायला शिकलेल्या खेड्यातल्या बाईला कळावं म्हणून साधी मराठी वापरली. मनोरमा १९२१ मध्ये वारली. १९२२ च्या ५ एप्रिलला रमाबाई गेल्या. त्या बायबलचे खिळे जुळवले आणि पानं छापली ती मुक्तीतल्याच बायकांनी.