चेहऱ्यावरची गाठ: सुरीआधी निदान

मुलाच्या गालावर किंवा पापणीवर हळूहळू वाढणारी मऊ गाठ दिसली की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘कधी कापायची?’ मज्जातंतूच्या आवरणातून उगवलेल्या दुर्मीळ गाठींबाबत त्याआधी विचारायला हवे, ती मज्जातंतूत किती गुंतली आहे? श्वान पेशींपासून होणारी श्वानोमा ही गाठ बहुधा तंतूला बाजूला सारत वाढते, म्हणून ती पुष्कळदा अलगद सोडवता येते. प्लेक्सिफॉर्म न्यूरोफायब्रोमा मात्र तंतूच्या अनेक शाखांत जाळ्यासारखा पसरतो. पापणी मिटवणारे, ओठ हलवणारे तंतूही तिथेच असतात. सगळी गाठ काढण्याचा आग्रह धरला, तर मुलाचा अर्धा चेहरा लुळा पडू शकतो आणि उरलेला भाग पुन्हा वाढू शकतो.

निदानाची खूण अनेकदा कातडीवरच असते. प्लेक्सिफॉर्म गाठीमागे बहुधा एनएफ-1 हा जनुकीय आजार असतो. तो सुमारे 3000 जन्मांमागे एका बाळाला होतो. त्याचे जनुक सतराव्या गुणसूत्रावर आहे, ते 1990 मध्ये सापडले. त्यात बिघाड झाला की पेशींच्या वाढीला आवर घालणारे प्रथिन कमी पडते. जवळपास निम्म्या रुग्णांत हा बिघाड नव्याने झालेला असतो, त्यामुळे ‘आमच्या घरात कुणालाच नाही’ एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही. लहान मुलाच्या अंगावर 5 मिलिमीटरहून मोठे, कॉफीच्या रंगाचे सहा किंवा अधिक डाग असतील, तर तज्ज्ञाकडून तपासणी हवीच. गाठ किती खोल गेली आहे, हे एमआरआयमध्ये कळते.

थांबलो आणि कर्करोग झाला तर? ही भीती खोटी नाही. एनएफ-1 असलेल्यांत मज्जातंतूच्या आवरणाच्या कर्करोगाचा आयुष्यभराचा धोका सुमारे 8 ते 13 टक्के असतो. म्हणूनच थांबणे म्हणजे दुर्लक्ष नव्हे, नियमित तपासणी. सतत दुखणे, झपाट्याने वाढणे, गाठ कडक होणे किंवा नवा अशक्तपणा दिसला, तर लगेच डॉक्टरांना गाठावे. पापणी बुबुळावर आली तरीही थांबू नये, कारण वाढत्या वयात झाकलेल्या डोळ्याची दृष्टी मंदावते. शस्त्रक्रियेने काढता न येणाऱ्या गाठींसाठी आता औषधही आहे. सेल्युमेटिनिबच्या 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 50 पैकी 35 मुलांच्या गाठी किमान 20 टक्के आकसल्या. गाठ त्याने नाहीशी होत नाही, पण सुरीखेरीज पर्याय मिळतो.

इतक्या दुर्मीळ आजाराची माहिती अंधेरीतल्या गल्लीतल्या दवाखान्याने का ठेवावी? उपचार तिथे व्हावेत अशी अपेक्षाच नाही. डाग मोजावेत आणि मुलाला योग्य जागी पाठवावे, एवढे पुरे. अंधेरीहून लोकलने प्रभादेवीला उतरले की केईएम, वाडिया आणि टाटा मेमोरिअल ही परळची रुग्णालये जवळच आहेत. बालरोगतज्ज्ञ, जनुकतज्ज्ञ, नेत्रतज्ज्ञ आणि शल्यविशारद यांनी एकत्र बसून ठरवल्याशिवाय मुलाच्या चेहऱ्यावर सुरी चालू नये. असा सल्ला मागणे हा पालकांचा हक्क आहे.