सिग्नल नसलेल्या चौकात आधी कोण?

लाल, पिवळा, हिरवा यांचे अर्थ लायसन्सच्या परीक्षेत जवळपास प्रत्येकजण बरोबर सांगतो. पण दोन सारखे रस्ते एकमेकांना छेदतात, तिथे सिग्नल नाही, पोलीस नाही, पाटीही नाही आणि दोन गाड्या एकाच वेळी येऊन ठेपल्या, तर आधी कोणी जायचं? हे विचारलं की मोठी गाडी आधी, जो आधी घुसला तो आधी, ज्याने हॉर्न वाजवला तो आधी, अशी उत्तरं मिळतात. आणि आपल्या रोजच्या रस्त्यांवर असेच चौक जास्त आहेत. वसाहतीतल्या गल्ल्या, तालुक्याच्या गावातले नाके, कोकणातले तिठे, महामार्गावरचे फाटे यांपैकी किती ठिकाणी सिग्नल असतो?

कायद्याचं उत्तर मात्र एकच आणि स्पष्ट आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखाली वाहन चालवण्याचे नियम आहेत. पूर्वी ते १९८९ चे होते, २०१७ मध्ये त्यांच्या जागी नवे आले. तिथे सांगितलेला क्रम असा: लहान रस्त्यावरून मुख्य रस्त्यावर येणाऱ्याने मुख्य रस्त्यावरच्या वाहनांना आधी जाऊ द्यायचं. दोन्ही रस्ते सारखे असतील तर आपल्या उजव्या हाताकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. उजवीकडे वळणाऱ्याने समोरून सरळ येणाऱ्यासाठी थांबायचं. गाडीचा आकार, किंमत किंवा हॉर्नचा आवाज यांना या क्रमात कुठेही जागा नाही.

उजवीकडच्यालाच मान का, हे समजलं की नियम विसरत नाही. आपण डाव्या बाजूने चालतो. चौकात शिरताना आडव्या रस्त्याचा जो अर्धा भाग आपल्याला आधी ओलांडावा लागतो, त्यावरून वाहनं उजवीकडून येतात. डावीकडून येणारी वाहनं पलीकडच्या अर्ध्या भागात असतात. म्हणजे पहिली टक्कर उजवीकडच्या गाडीशीच होऊ शकते. चारही दिशांनी चार गाड्या एकदम आल्या, तर प्रत्येकाच्या उजवीकडे कुणीतरी असतोच आणि नियमाने कुणीच हलू शकत नाही. अशा वेळी एकाने हाताने खूण करून दुसऱ्याला जायला सांगायचं, की गाठ सुटते.

रस्ते बांधणारे अभियंते चौकाकडे वेगळ्या नजरेने पाहतात. वाहनांच्या वाटा जिथे एकमेकींना छेदतात, मिळतात किंवा फुटतात, ते बिंदू ते मोजतात. दोन दुहेरी रस्त्यांच्या साध्या चौकात असे ३२ बिंदू असतात, तिठ्यावर फक्त ९. या ३२ पैकी १६ ठिकाणी वाटा थेट एकमेकींना कापतात आणि त्या १६ पैकी १२ ठिकाणी निदान एक वाहन उजवीकडे वळणारं असतं. त्यामुळे चौकातली सगळ्यात अवघड हालचाल कोणती, याचं उत्तर या आकड्यातच आहे.

उजवं वळण घेताना इंडिकेटर चौकाच्या बऱ्याच आधी लावावा. रस्त्याच्या मध्याजवळ सरकून, समोरून येणारी वाहनं जाऊ द्यावीत आणि मगच वळावं. वळून नव्या रस्त्याच्या डाव्या बाजूला लागायचं. आपल्याकडे कोपरा कापून आत शिरायची सवय फार आहे. त्यात दोन-तीन सेकंद वाचतात, पण तेवढा वेळ आपण त्या रस्त्याच्या चुकीच्या बाजूला असतो आणि त्या रस्त्यावरून चौकाकडे येणाऱ्याच्या अगदी समोर येतो. थांबून वाट पाहत असताना पुढची चाकं सरळच ठेवावीत. आधीच उजवीकडे वळवून ठेवली आणि मागून कुणी धडकलं, तर आपली गाडी समोरून येणाऱ्यांच्या पुढ्यात ढकलली जाते.

पण खरा निर्णय चौकाच्या अलीकडेच झालेला असतो, तो वेगाचा. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला, तर तेवढ्यात १४ मीटर गेले. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर पुढे थांबायला साधारण आणखी तेवढेच लागतात, म्हणजे एकूण २८. तोच वेग ३० असेल तर सगळे मिळून १३ मीटर पुरतात. पहिल्या पावसात, रस्त्यावरचं तेल आणि धूळ एक होऊन निसरडं झालेलं असताना, हे अंतर बरंच वाढतं. म्हणून नियम सांगतो की चौक, झेब्रा क्रॉसिंग किंवा वळण जवळ आलं की वेग कमी करा आणि कुणाला धोका न होता जाता येईल याची खात्री झाल्याशिवाय आत शिरू नका. चौकाच्या तोंडाशी ओव्हरटेक करायचं नाही, हेही यातच आलं.

पाहणं उजवीकडे, डावीकडे आणि पुन्हा उजवीकडे. पुन्हा का? तर डावीकडे पाहत असतानाच्या दोन सेकंदांत उजवीकडचं चित्र बदलतं. समोरच्या काचेच्या दोन्ही कडांना असलेल्या खांबांमागे अख्खी मोटारसायकल लपू शकते. त्यातही एक खोच आहे. दोन वाहनं टकरीच्या मार्गावर असतील आणि दोघांचा वेग तोच राहिला, तर दुसरं वाहन आपल्याला काचेत एकाच जागी स्थिर दिसत राहतं. ते डावी-उजवीकडे सरकत नाही, फक्त हळूहळू मोठं होतं. नजर हालचाल चटकन टिपते, स्थिर गोष्ट तिच्या लक्षात येत नाही. ती स्थिर गोष्ट खांबामागे असली तर शेवटपर्यंत दिसतच नाही. यावर उपाय सोपा आहे: चौकाआधी मान आणि खांदे थोडे पुढे-मागे हलवून पाहायचं. दुचाकीच्या बाबतीत आणखी काळजी हवी. ती लहान दिसते, म्हणून लांब आणि सावकाश वाटते. असते मात्र तशी नाही.

इथे एका गैरसमजाबद्दल बोलायलाच हवं. चौकातून सरळ जायचं आहे हे दाखवायला अनेकजण चारही इंडिकेटर चालू करतात, आणि काही ठिकाणी तसं शिकवलंही जातं. हे बंद व्हायला हवं. बाजूच्या रस्त्यावर उभ्या असलेल्याला तुमच्या गाडीची एकच बाजू दिसते. त्याला चारपैकी एक दिवा लुकलुकताना दिसतो आणि तुम्ही त्याच्या बाजूला वळताय असं समजून तो गाडी पुढे काढतो. सरळ जायचं असेल तर कोणताही इंडिकेटर नको. चारही दिवे गाडी बंद पडून धोक्याच्या जागी थांबली असेल तेव्हासाठी आहेत. डिपरचंही तसंच. आपल्याकडे डिपर मारणारा बहुधा ‘मी येतोय, थांब’ म्हणत असतो. तो आपल्याला वाट देतोय असं गृहीत धरून पुढे जाऊ नये.

दुचाकीवाल्यांसाठी एक गोष्ट जिवाची आहे. बस किंवा ट्रक डावीकडे वळताना त्याची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, बरीच आतून जातात. मोठी गाडी वळणाआधी थोडी उजवीकडे जाते ती यासाठीच. डाव्या बाजूला मोकळी जागा दिसते, तिथे दुचाकी शिरते आणि काही क्षणांत ती जागा संपते. ड्रायव्हरला त्या कोपऱ्यातलं काही दिसत नाही. चौकात मोठ्या गाडीच्या डावीकडे कधीही शिरू नका, तिच्या मागे राहा.

सर्कलचा नियम उजवीकडच्या नियमातूनच निघतो. आपल्याकडे सर्कलमधली वाहनं घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, म्हणजे आत शिरणाऱ्याला ती उजवीकडूनच येतात. आत असलेल्याला मान आणि शिरणाऱ्याने थांबायचं. ब्रिटनमध्ये हा नियम १९६६ मध्ये सर्वत्र लागू झाला. त्याआधी बाहेरचे आत घुसत, आतल्यांना बाहेर पडता येत नसे आणि सर्कल जागच्या जागी गोठत. आपल्या शहरांत गर्दीच्या वेळी आजही तेच दिसतं. एका मार्गिकेच्या सर्कलमध्ये टकरीच्या शक्यतेचे बिंदू ३२ वरून ८ वर येतात, पण थांबायचं कोणी हे पाळलं तरच.

सिग्नलच्या चौकाबद्दल थोडक्यात. पिवळा म्हणजे थांबा. रेषेच्या इतके जवळ आला असाल की सुरक्षित थांबणं शक्यच नाही, तरच पुढे जा. थांबायचं ते रेषेच्या अलीकडे, झेब्रा पायी चालणाऱ्यांचा आहे. लुकलुकणारा पिवळा म्हणजे सावधपणे जा. लुकलुकणारा लाल म्हणजे पूर्ण थांबा, पाहा, मग जा. लालवर डावीकडे वळायची मुभा फक्त तशी पाटी किंवा हिरवा बाण असेल तिथेच. हिरवा असूनही पलीकडे वाहनं तुंबलेली असतील तर चौकात शिरून अडकू नये, अलीकडेच थांबावं. आणि पोलीस हाताने इशारा करत असेल तर त्याचा इशारा सिग्नलच्या वर. लाल तोडणं किंवा ‘थांबा’ची अष्टकोनी पाटी न जुमानणं यातून धोका निर्माण झाला, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर ते कलम १८४ मध्ये धोकादायक वाहन चालवणं ठरतं. पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही.

शेवटी फाटे. उसाच्या हंगामात पश्चिम महाराष्ट्रात दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आडरस्त्यावरून महामार्गावर येतात. इतकी लांब जोडणी थांबलेल्या अवस्थेतून रस्ता ओलांडायला दहा सेकंद सहज घेते. ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी तेवढ्यात जवळजवळ २२० मीटर पुढे येते. रात्री, रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली दिसते तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. कायद्याने थांबायचं ट्रॅक्टरनेच. तरीही फाट्याची पाटी दिसताच महामार्गावरच्यानेही पाय ॲक्सिलरेटरवरून काढावा. ट्रॉलीवाल्यांनी आणि कारखान्यांनी मागे आणि दोन्ही बाजूंना रिफ्लेक्टर लावल्याशिवाय ऊस उचलूच नये.

घरातल्या मुलाला किंवा मुलीला गाडी शिकवत असाल, तर रविवारी पहाटे सिग्नल नसलेल्या एखाद्या शांत चौकात न्या. प्रत्येक गाडी दिसली की आधी कोण जाणार आणि का, हे त्यांना मोठ्याने सांगायला लावा.