शिक्षा एकाची, भोग घराला

कोर्टात खटला चालतो. साक्षीपुरावे होतात. दोन्ही बाजूंचे वकील बोलतात. मग न्यायाधीश निकाल देतात. गुन्हा शाबीत झाला, तर निकालपत्रात गुन्हेगाराचे नाव असते आणि नावापुढे शिक्षा असते. इतकी वर्षे सक्तमजुरी, इतके रुपये दंड. त्या कागदावर त्याच्या बायकोचे नाव नसते. आईचे नसते. शाळेत जाणाऱ्या पोराचे नसते. कोर्टाने त्यांना काहीच शिक्षा दिलेली नसते.

पण गाव आपला निराळाच निकाल देते. पोलीस माणसाला घेऊन जातात आणि दुसऱ्या दिवसापासून घरच्यांचे भोग सुरू होतात. त्या घरची बाई पाण्याला गेली, की नळावरच्या बायका बोलायच्या थांबतात. दुकानदार उधारी बंद करतो. शेजारीण आपल्या मुलाला बजावते, "त्यांच्याकडं खेळायला जाऊ नकोस रे." शाळेत कुणाची पेन्सिल हरवली, तर आधी त्याच पोराचे दप्तर उघडतात. मुलगी लग्नाची असली, तर आलेले स्थळ परत जाते. घर भाड्याचे असले, तर मालक सांगतो, "बाई, पुढच्या महिन्यात दुसरीकडं बघा."

कमावता माणूस गेलेला असतो. वकिलाची फी द्यायची असते. तुरुंगात भेटीला जायचे, तर एस. टी. चे भाडे लागते आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. अशा वेळी माणसाला माणसांचा आधार हवा. नेमक्या त्याच वेळी माणसे पाठ फिरवतात. हे बरोबर आहे का?

पापाचा वाटेकरी कोण?

वाल्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वाल्या वाटसरूंना लुटायचा, मारायचा. एकदा नारदमुनी त्याला भेटले. त्यांनी विचारले, "हे पाप तू बायकामुलांसाठी करतोस. ती या पापात वाटेकरी होतील का? घरी जाऊन विचारून ये." वाल्याने घरी जाऊन विचारले. घरच्यांनी साफ सांगितले, "नाही. तुमच्या पापाचे वाटेकरी आम्ही नाही."

ही गोष्ट आपण मुलांना सांगतो, पण तिचा अर्थ विसरतो. ज्याचे पाप त्याच्या माथी, हा तिचा एक अर्थ. दुसरा अर्थ असा, की त्याच वाल्याचा पुढे वाल्मीकी झाला. माणूस बदलू शकतो.

एकाच्या गुन्ह्यासाठी सगळ्यांना धरायचे, असा कायदाच आपल्या देशात एके काळी होता. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. काही जमातींवर सरकारने गुन्हेगार असा शिक्काच मारला. त्या जमातीत जन्मलेले मूलही जन्मापासून संशयित ठरले. लोकांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे. सोलापूरला तारेच्या कुंपणात अशा लोकांची मोठी वसाहत होती. तिला सेटलमेंट म्हणत. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली हा कायदा रद्द झाला. कुणी जन्माने गुन्हेगार नसतो, हे देशाने मान्य केले. मग कैद्याच्या पोराला 'चोराचा पोर' म्हणणे, म्हणजे तो मेलेला कायदा गल्लीत पुन्हा जिवंत करणेच नाही का?

आत असलेला प्रत्येक जण गुन्हेगार नसतो

आणखी एक गोष्ट नीट समजून घ्या. तुरुंगात दोन तऱ्हेचे कैदी असतात. ज्याचा गुन्हा शाबीत होऊन शिक्षा लागली, तो पक्का कैदी. ज्याचा खटला अजून चालू आहे, तो कच्चा कैदी. कच्चा कैदी दोषी आहे की निर्दोष, हे अजून ठरायचे असते.

२०२२ साल संपले तेव्हा देशातील तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार माणसे होती. त्यांतील सुमारे ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होते. म्हणजे दर चार माणसांत तिघांचा निकाल लागायचा होता. त्यांतले पुष्कळ जण गरीब असतात. जामीन मंजूर झाला, तरी जामीनदार मिळत नाही. पैसे भरता येत नाहीत. म्हणून ते आतच राहतात. उद्या यांतले काही जण निर्दोष सुटतील. पण तोवर गावाने त्यांच्या घराला दिलेली शिक्षा भोगून झालेली असेल.

माणदेशातला एक प्रयोग

तुरुंग कशासाठी असतो? जुन्या लोकांचे उत्तर होते, धाक बसावा म्हणून. इंग्रजांचा तुरुंगाचा कायदा १८९४ सालचा. त्यात कैद्याला बंदोबस्तात कसे ठेवावे, याचेच नियम फार. पण कैदी एक दिवस सुटून घरी येणार असतो. तो आपल्याच गावात, आपल्याच आळीत राहणार असतो. आत असताना तो अधिक बिघडला, तर नुकसान कुणाचे? आपलेच. म्हणून शहाणी माणसे म्हणू लागली, की तुरुंगाने माणूस सुधारला पाहिजे.

असा एक प्रयोग आपल्या महाराष्ट्रातच झाला. औंध हे तेव्हा लहानसे संस्थान होते. भवानराव पंतप्रतिनिधी तिथले राजे. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे राजे म्हणून ते प्रसिद्ध होते. मॉरिस फ्रीडमन नावाचे एक इंजिनिअर होते. ते मूळचे पोलंड देशातले. गांधीजींच्या विचारांनी भारावून ते भारताचेच झाले होते आणि औंधच्या कामात मदत करीत होते. राजेसाहेब, त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि फ्रीडमन यांच्या विचाराने १९३९ साली आटपाडीजवळ एक वसाहत सुरू झाली. तिचे नाव स्वतंत्रपूर. आज ही जागा सांगली जिल्ह्यात आहे.

हा माणदेशाचा भाग. पाऊस कमी, माळरान फार. तिथे मोठ्या गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी आणून ठेवले. उंच भिंती नाहीत. पायांत बेड्या नाहीत. कैद्यांनी शेती करायची आणि कष्टाचे खायचे. सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे कैद्याची बायकामुले त्याच्याजवळ राहू शकत. ज्याच्यावर विश्वास टाकला आणि ज्याची बायकामुले जवळ आहेत, तो पळून कशाला जाईल, असा त्यामागचा विचार होता.

या प्रयोगावरून व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला. त्याची कथा ग. दि. माडगूळकरांची. माडगूळकर त्याच माणदेशातले. चित्रपटाचे परदेशांतही कौतुक झाले. औंध संस्थान पुढे मुंबई राज्यात विलीन झाले, पण स्वतंत्रपूरची वसाहत राहिली.

नंतर असे खुले तुरुंग इतर ठिकाणीही निघाले. महाराष्ट्रात येरवड्याला आणि पैठणला आहेत. राजस्थानात जयपूरजवळ सांगानेरला १९६३ साली खुला तुरुंग सुरू झाला. तिथे कैदी कुटुंबासह राहतात. दिवसा बाहेर कामाला जातात, स्वतः कमावतात आणि संध्याकाळी हजेरीला परत येतात. सगळेच कैदी अशा ठिकाणी ठेवता येत नाहीत. वागणूक पाहून निवड होते. तरी यातून एक गोष्ट दिसते. माणसाला सरळ वाटेवर ठेवणारी दोरी घरातून येते. ती दोरी आपण बाहेरून तोडू नये.

नियम काय सांगतात?

घर आणि कैदी यांचा संबंध टिकावा, म्हणून सरकारने आणि कोर्टांनीही काही सोयी केल्या आहेत. त्या पुष्कळांना माहीत नसतात. म्हणून त्या येथे सांगतो.

घरच्यांना तुरुंगात जाऊन भेट घेता येते. पत्र पाठवता येते. महाराष्ट्रात काही तुरुंगांत 'गळाभेट' नावाचा कार्यक्रम होतो. त्या दिवशी मध्ये जाळी नसते, काच नसते. मुलाला बापाच्या किंवा आईच्या कुशीत जाता येते.

पक्क्या कैद्याला नियमाप्रमाणे रजा मिळू शकते. एक संचित रजा, तिला फर्लो म्हणतात. दुसरी अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल. घरात कुणी फार आजारी असले, तर अभिवचन रजेसाठी अर्ज करता येतो. रजेवर आलेल्या माणसाने ठरल्या दिवशी परत गेलेच पाहिजे. या कामी घरच्या माणसाला बहुधा जामीन राहावे लागते. घराने त्याला टाकले असेल, तर त्याच्यासाठी कोण उभे राहणार?

काही बायका तुरुंगात असतात आणि त्यांची लहान मुले त्यांच्याजवळ असतात. सुप्रीम कोर्टाने २००६ साली सांगितले, की ही मुले कैदी नाहीत. त्यांना तसे वागवू नये. सहा वर्षांपर्यंत मूल आईजवळ राहू शकते. त्याला योग्य आहार, औषधपाणी आणि शिक्षण मिळाले पाहिजे. मूल तुरुंगात असताना जन्मले, तर जन्माच्या दाखल्यावर तुरुंगाचे नाव घालू नये. बघा, एवढ्या मोठ्या कोर्टाने त्या बाळाला डाग लागू नये म्हणून काळजी घेतली.

वकिलाला पैसे नसले, तर सरकारी खर्चाने वकील मिळतो. १९८७ सालच्या कायद्याने कोठडीतल्या माणसाला हा हक्क दिला आहे. त्यासाठी जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा कार्यालयात जावे. १५१०० या नंबरवर फोन केला, तरी माहिती मिळते.

तुरुंगात काम करणाऱ्या पक्क्या कैद्याला मजुरी मिळते. त्या कमाईच्या भरवशावर महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने २०२२ साली येरवड्याला 'जिव्हाळा' नावाची कर्ज योजना सुरू केली. पन्नास हजार रुपयांपर्यंत कर्ज, व्याज शेकडा सात. मुलांचे शिक्षण, घरातले आजारपण, वकिलाची फी यांसाठी हा पैसा घराच्या उपयोगी पडतो. जिथे बँक कैद्यावर विश्वास ठेवते, तिथे शेजाऱ्याने त्याच्या निरपराध बायकोवर का ठेवू नये?

ज्यांचे नुकसान झाले त्यांचे काय?

इथे कुणी म्हणेल, "अहो, ज्याच्या घरातला माणूस मारला गेला, ज्याचे घर लुटले, त्याच्या दुःखाचे काय? त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही." हा प्रश्न रास्त आहे. त्या घराचे दुःख मोठे असते. त्याला न्याय मिळाला पाहिजे, भरपाई मिळाली पाहिजे, गावाचा आधार मिळाला पाहिजे. गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे. त्यात कुचराई नको.

पण गुन्हेगाराचे पोर शाळेतून पळाले, म्हणून त्या घराचे दुःख कमी होते का? त्याच्या बायकोला मजुरी नाकारली, म्हणून गेलेला माणूस परत येतो का? उलट शाळा सुटलेले, सगळ्यांनी हिडीसफिडीस केलेले पोर वाईट संगतीला लागण्याची भीती असते. मग गावात आणखी एक घर रडते.

आपण काय करावे?

फार मोठे काही करायला नको. मास्तरांनी वर्गात त्या मुलाच्या बापाचा विषय निघू देऊ नये. निघालाच, तर टोमणा मारणाऱ्याला तिथेच थांबवावे. बाईला काम देणाऱ्याने तिचे काम पाहावे, नवऱ्याचा गुन्हा पाहू नये. शेजाऱ्याने आपली मुले खेळायला पाठवावीत. भेटीच्या दिवशी घरी म्हातारी एकटी असली, तर तिच्या भाकरीची सोय करावी. ज्याला अर्ज लिहिता येतो, त्याने अर्ज लिहून द्यावा. तुम्ही आता लिहायला शिकला आहात. हे काम तुम्हीही करू शकाल.

त्या घरच्या बाईला आमचे सांगणे आहे, की ताई, तुम्ही मान खाली घालू नका. मुलाची शाळा सोडवू नका. बाप कुठे आहे, हे मुलाला त्याच्या वयाला समजेल अशा शब्दांत तुम्हीच सांगा. नाहीतर ते त्याला रस्त्यावर वाईट शब्दांत कळेल. महिला व बालविकास कार्यालयात जाऊन बालसंगोपन योजनेत आपले मूल बसते का, हे विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

हा धडा वाचून झाला, की आपसात बोला. आपल्या गावात, आपल्या आळीत असे एखादे घर आहे का? त्या घरी शेवटचे कोण गेले होते? कुणी गेले नसेल, तर या आठवड्यात दोघे-तिघे मिळून जा. त्या घरी बसून चहा घ्या आणि मुलांच्या अभ्यासाची चौकशी करा.